विश्लेषण : ‘आवाज येतोय का?’ संगणकाच्या पडद्यावरची आवाजाची पट्टी काय सांगते... आणि काय लपवते?

की-बोर्डवरची आवाजाची कळ दाबली की पडद्यावर क्षणभर एक पट्टी उमटते आणि विरून जाते. तिच्याकडे मुद्दाम कोणी पाहत नाही. पण ती चुकीचे सांगू लागली की ऑनलाइन तासापासून नोकरीच्या मुलाखतीपर्यंत सगळे अडते. ही एवढीशी पट्टी कुठे, कशी आणि किती वेळ दिसावी, यावर मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल यांच्यासारख्या कंपन्या आजही फेरबदल का करत आहेत?

‘आवाज येतोय का?’ असे का विचारावे लागते?

टाळेबंदीच्या काळात शाळेचे तास, कार्यालयाच्या बैठका, लग्नाची बोलणी आणि शोकसभाही याच प्रश्नाने सुरू होत. आजही होतात. हा प्रश्न समोरच्या माणसाला विचारावा लागतो, कारण आपल्यापुढचे यंत्र त्याचे धड उत्तर देत नाही. संगणकातून आवाज न येण्याची कारणे अनेक असतात. पातळी शून्यावर असेल, आवाज ‘म्यूट’ केलेला असेल, तो स्पीकरऐवजी कपाटात ठेवलेल्या ब्लूटूथ हेडफोनकडे जात असेल किंवा समोरचा माणूसच गप्प असेल. चारही वेळा आपल्या वाट्याला येते ती एकच गोष्ट, शांतता. त्या शांततेचे कारण सांगणे हे पडद्यावरच्या सूचकाचे खरे काम.

पडद्याचा उजेड कमी-जास्त केला तर डोळ्यांना ते तिथल्या तिथे कळते. तिथे पट्टी नसली तरी चालून जाईल. आवाजाचे तसे नाही. त्या क्षणी काहीच वाजत नसेल तर कळ दाबल्याचा परिणाम झाला की नाही, हे कळायला पट्टीशिवाय दुसरा पुरावा नसतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९४ मध्ये दहा सूत्रे मांडली. यंत्राची सध्याची स्थिती वापरणाऱ्याला दिसली पाहिजे, हे त्यांतील पहिले सूत्र. कृती आणि तिचा परिणाम यांत सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त अंतर पडले, तर ‘हे माझ्यामुळे झाले’ ही भावना विरते, असेही ते सांगतात. म्हणूनच कळ दाबल्यावर पट्टी उशिरा उमटली की आपण ती पुन्हा दाबतो, मग पुन्हा, आणि अखेर आवाज एकदम कानावर आदळतो.

मराठीत भर पडते ती भाषेची. ध्वनी आणि त्याची पातळी या दोन्हींना आपण ‘आवाज’च म्हणतो. ‘आवाज नाही’ म्हणजे ध्वनी येत नाही की पातळी शून्य आहे, हे घरातल्या जाणत्या मुलाला तीन-चार प्रश्न विचारून शोधावे लागते.

पट्टी आली कुठून?

रेडिओच्या आणि जुन्या टीव्हीच्या खुंटीला वेगळ्या सूचकाची गरज नव्हती. खुंटी कुठवर फिरली आहे हे बोटांना कळत असे, आणि यंत्र बंद असतानाही ती स्थिती तशीच राही. नियंत्रण आणि सूचक एकच होते. रिमोट आला आणि ही जोडी फुटली. बोट खोलीच्या एका टोकाला, यंत्र दुसऱ्या टोकाला. मग पातळी पडद्यावर दाखवणे आले. नव्वदच्या दशकातील रंगीत टीव्हीवर खालच्या बाजूला सरकत जाणारी ती हिरवी पट्टी अनेकांना आठवत असेल.

संगणकावर ही गोष्ट अधिक वाकडी झाली. तिथे खुंटी नव्हतीच, पण खुंटीचे चित्र काढता येत होते. ॲपलने १९९९ मध्ये क्विकटाइम ४ हा प्लेअर आणला, तेव्हा आवाजासाठी त्यात खिशातल्या रेडिओला असते तशी अंगठ्याने फिरवायची चकती काढली होती. दिसायला देखणी, पण संगणकाला अंगठा नसतो, माउस असतो. चकती थोडी ओढायची, सोडायची, माउस पुन्हा मागे आणायचा, पुन्हा ओढायची; आणि एवढे करून पातळी किती झाली हे चकतीकडे पाहून सहज कळतच नसे. वापरसुलभतेवर लिहिणाऱ्यांनी या प्लेअरवर इतकी टीका केली की फसलेल्या रचनेचे उदाहरण म्हणून आजही त्याचे नाव घेतले जाते. पुढच्या आवृत्तीत ॲपल मुकाट्याने साध्या सरकपट्टीवर परतली. खऱ्या वस्तूची नक्कल करताना तिचा उपयोग मागे राहतो आणि रूपच तेवढे उचलले जाते, ते असे.

२०१७ मध्ये तर प्रोग्रामर मंडळींनी इंटरनेटवर जगातली सर्वांत वाईट आवाजपट्टी कोण बनवतो, अशी चढाओढच लावली. कोणी पट्टी तिरकी करून गोळा घरंगळत ठेवला, कोणी गलोलीने गोळा फेकून पातळी ठरवायला लावली. विनोद झकास होते. पण ते हसवत होते ते प्रत्येकाने खऱ्या आयुष्यात त्यांचे चुलतभाऊ पाहिले होते म्हणून.

५० टक्के म्हणजे निम्मा आवाज?

नाही. आणि इथेच ही पट्टी सर्वाधिक फसवते.

आपला कान बेरजेने ऐकत नाही, पटीने ऐकतो. ध्वनिलहरीची उंची दुप्पट झाली की पातळी ६ डेसिबलने वाढते. मग ती उंची ५ वरून १० झालेली असो की ५० वरून १००, कानाला फरक जवळपास सारखाच वाटतो. आवाज ‘दुप्पट मोठा’ वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची वाढ लागते. आता समजा, प्रोग्राम लिहिणाऱ्याने पट्टीवरचा आकडा सरळ लहरीच्या उंचीशी जोडला. १०० वरून ५० वर आलो तरी फक्त ६ डेसिबल कमी होतात. ऐकणारा म्हणतो, फारसे काही झालेच नाही. आवाज खरोखर निम्मा वाटेपर्यंत पट्टी ३२ च्या आसपास उतरलेली असते. पुढे १० च्या खाली मात्र प्रत्येक पावलाला धाडकन फरक पडतो. रात्री घरचे झोपलेले असताना आपण सगळे या शेवटच्या १० टक्क्यांतच खाली-वर करत बसतो. ४ ला ऐकू येत नाही आणि ६ ला शेजारी उठतात.

यावरचा उपाय जुना आहे. पट्टीचा आकडा आणि प्रत्यक्ष ध्वनी यांच्यामध्ये एक वक्र ठेवायचा. लिनक्सवरच्या पल्सऑडिओ या प्रणालीत आकड्याचा घन घेतात. म्हणजे पट्टी ५० वर असेल तर लहरीची उंची निम्मी न राहता एक अष्टमांश होते, साधारण १८ डेसिबल कमी. त्यामुळे पट्टीच्या सगळ्या लांबीवर फरक बराचसा सारखा जाणवतो. गणित एका ओळीचे आहे. तरीही अनेक संकेतस्थळांवरच्या आणि छोट्या सॉफ्टवेअरमधल्या पट्ट्या आजही सरळ गुणाकारावर चालतात. लिहिणाऱ्याने ती पट्टी दुपारी कार्यालयात, भर आवाजात तपासलेली असते, हे त्याचे एक कारण असावे.

मग आकडा दाखवावा की नाही? इथे दोन पंथ आहेत. विंडोजमध्ये ० ते १०० हा आकडा दिसतो आणि कळ एकदा दाबली की पातळी २ ने बदलते, म्हणजे शून्यापासून टोकापर्यंत ५० वेळा दाबणे आले. मॅकवर आकडा न दाखवता १६ पायऱ्या ठेवण्याची पद्धत होती. ऑप्शन आणि शिफ्ट या दोन कळा धरून आवाजाची कळ दाबली तर एका पायरीचे चार भाग होतात, म्हणजे एकूण ६४. ही सोय वर्षानुवर्षे मॅक वापरणाऱ्यांनाही ठाऊक नसते. आकड्याचा फायदा असा की तो आठवणीत राहतो. ‘रात्री २० वर ठेव’ असे फोनवरून आईला सांगता येते. तोटा असा की त्याला एखाद्या मापाचा रुबाब येतो. प्रत्यक्षात तुमच्या संगणकावरचे २० आणि माझ्या संगणकावरचे २० यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. स्पीकर वेगळे, हेडफोन वेगळे, वक्रही वेगळा. पट्टी सांगते ती टक्केवारी कशाची, हे ती कधीच सांगत नाही. तरीही माझे मत आकड्याच्या बाजूने आहे. खोटा रुबाब परवडला, पण सांगता-ऐकता येणारी खूण हवी.

काही प्लेअर तर १०० वर थांबतच नाहीत. व्हीएलसीची पट्टी १२५ टक्क्यांपर्यंत जाते आणि लिनक्सवरच्या ग्नोममध्येही १०० च्या पलीकडे नेण्याची सोय आहे. जुन्या चित्रपटातले संवाद हळू असतील तर ती उपयोगी पडते. पण डिजिटल ध्वनीला कमाल उंचीची मर्यादा असते. तिच्यापुढे लहरींचे शेंडे कापले जातात आणि आवाज फाटतो. म्हणून चांगल्या रचनेत १०० ची खूण ठळक असते आणि पुढचा भाग वेगळा दिसतो. ‘धिस इज स्पायनल टॅप’ या १९८४ च्या विनोदी चित्रपटातला गिटारवादक आपल्या ॲम्प्लिफायरची खुंटी ११ पर्यंत जाते म्हणून मिरवतो. बीबीसीने त्यावरून आयप्लेअरच्या आवाजपट्टीलाही ११ पायऱ्या दिल्या. तिथे तो विनोद आहे. इतरत्र बऱ्याचदा नकळत झालेली तीच चूक असते.

एकावर एक किती पट्ट्या?

ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट. त्यांना संध्याकाळी लॅपटॉपवर नाट्यसंगीत ऐकायची सवय. एक दिवस आवाज बंद. पडद्याच्या कोपऱ्यातली पट्टी तर १०० दाखवत होती. दोन दिवस वाट पाहून त्यांनी लॅपटॉप दुरुस्तीला दिला. स्पीकर बदलावे लागतील, असे त्यांना सांगण्यात आले. सुदैवाने त्याच संध्याकाळी नात घरी आली. व्हिडीओच्या चौकटीतली आवाजाची छोटी पट्टी शून्यावर होती. माउसचा धक्का लागून सरकली असावी. काकांचा प्रश्न साधा होता : ‘मग ती दुसरी शंभर कशाला म्हणत होती?’

या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे नाही. एका साध्या गाण्याच्या वाटेत आज किमान तीन-चार पातळ्या असतात. व्हिडीओच्या चौकटीची, ब्राउझरची, संपूर्ण संगणकाची, शिवाय हेडफोनची किंवा बाहेरच्या स्पीकरची. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, प्रत्येक प्रोग्रामची पातळी वेगळी ठेवता येते. या पातळ्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. तीन ठिकाणी ५० टक्के असेल आणि तिन्ही ठिकाणी सरळ मोजणी असेल, तर हाती उरतात साडेबारा टक्के. एका जागी शून्य असेल तर बाकीच्या शंभरांना काही अर्थ नाही. आणि प्रत्येक पट्टी फक्त आपल्यापुरते सांगते.

ब्लूटूथ हेडफोनने हा गुंता आणखी वाढवला. त्यासाठी ‘ॲब्सोल्यूट व्हॉल्यूम’ नावाची सोय आहे. फोन किंवा संगणक आणि हेडफोन यांनी एकच पातळी वापरायची, असा तिचा हेतू. तिच्यात ० ते १२७ अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. दोन्ही बाजूंना ती नीट जमली तर दोनाची एक पट्टी होते. एका बाजूला जमली नाही तर पडद्यावर ३० आणि कानात कल्लोळ.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. ‘किती मोठ्याने वाजेल’ हे सांगणारी पट्टी वेगळी आणि ‘आत्ता काही वाजते आहे का’ हे सांगणारा सूचक वेगळा. टेपरेकॉर्डरवर नाचणारा काटा हा दुसऱ्या जातीचा. अमेरिकेत बेल लॅब्ज आणि तिथल्या प्रसारण कंपन्यांनी मिळून १९३९ मध्ये तयार केलेल्या व्हीयू मीटरचा तो वारसा. संगणकावर ही जात बराच काळ मागे पडली होती. व्हिस्टाच्या मिक्सरमध्ये सरकपट्टीशेजारी हलणारी हिरवी पातळी आली. २०१४ च्या आरंभी क्रोम ब्राउझरने आवाज करणाऱ्या टॅबवर स्पीकरची खूण दाखवायला सुरुवात केली, तेव्हा वीस उघड्या टॅबांतून नेमकी कोणती जाहिरात बोंबलते आहे हे शोधणे पहिल्यांदा सोपे झाले. झूमवर बोलताना मायक्रोफोनच्या चित्रात चढ-उतार करणारा हिरवा रंगही हेच काम करतो. तो हलत असेल तर ‘आवाज येतोय का?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळालेले असते : निदान तुमच्या बाजूने तो जातो आहे.

काकांच्या संगणकावर कोपऱ्यातल्या पट्टीशेजारीच ‘हा प्रोग्राम काहीही पाठवत नाही’ एवढे दिसले असते, तर लॅपटॉप दुकानात गेला नसता.

पट्टी दिसावी कुठे, आणि किती वेळ?

या प्रश्नावर कंपन्यांनी जितक्यांदा माघार घेतली, तितकी क्वचितच कशावर घेतली असेल. मॅकवर दोन दशकांहून अधिक काळ आवाजाची कळ दाबली की पडद्याच्या मध्यभागी खालच्या बाजूला एक मोठा अर्धपारदर्शक चौकोन येत असे. आयफोनवर तोच चौकोन थेट मधोमध यायचा आणि चालू व्हिडीओच झाकून टाकायचा. यावर वर्षानुवर्षे चेष्टा झाली. अखेर २०१९ मध्ये आयओएस १३ मध्ये तो गेला आणि आवाजाच्या बटणांशेजारी, पडद्याच्या कडेला एक बारीक पट्टी आली. अँड्रॉइडने त्याआधीच, २०१८ च्या ‘पाय’ आवृत्तीत, पट्टी बटणांच्या बाजूला उभी केली होती. जिथे बोट तिथेच परिणाम, ही रचना फोनवर शोभली.

संगणकावर मात्र कळ की-बोर्डवर आणि पट्टी पडद्यावर. शेजार जुळवायचा तरी कोणाशी? विंडोज ८ ने २०१२ मध्ये पट्टी वरच्या डाव्या कोपऱ्यात नेली आणि विंडोज १० ने ती तिथेच ठेवली. तो कोपरा म्हणजे ब्राउझरमधल्या पहिल्या टॅबची आणि मागे जाण्याच्या बटणाची जागा. पुढे गाणे चालू असेल तर पट्टीशेजारी गाण्याचे नाव, चित्र आणि बटणे असलेला ऐसपैस चौकोनही येऊ लागला, आणि तो पाच सेकंद हटत नसे. आवाज एक पायरी कमी करायचा आणि मग टॅब बदलण्यासाठी पाच सेकंद थांबायचे! लोकांनी तो घालवण्यासाठी वेगळी छोटी सॉफ्टवेअर शोधली, ब्राउझरमधल्या आडवळणी सेटिंग बदलल्या. विंडोज ११ आले २०२१ मध्ये. बाकी सगळे नवे, पण ही पट्टी तीच जुनी. ती बदलायला २०२२ ची २२एच२ ही आवृत्ती उजाडावी लागली. आता ती खालच्या बाजूला मध्यभागी, टास्कबारच्या वर येते. छोटी आहे आणि लवकर जाते. तरी पूर्ण पडद्यावर चित्रपट पाहताना ती नेमकी उपशीर्षकांच्या जागेवर अवतरते. मल्याळम किंवा कोरियन चित्रपट उपशीर्षकांवर पाहणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको.

ॲपलने सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ‘मॅकओएस टाहो’मध्ये आपला जुना चौकोन मोडीत काढला आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात छोटी पट्टी दिली. चित्रपट झाकला जात नाही, हे खरे. पण २७ इंची पडद्यावर काम करताना नजर मध्ये असते आणि पट्टी दूर कोपऱ्यात चमकून जाते. जुना चौकोन नजरेच्या कडेनेही दिसे. हा बदल झाल्यावर तक्रारी आल्या त्या याच.

म्हणजे सर्वांना रुचेल अशी जागा नाही. पण काही गोष्टी ठरवता येतात. पट्टीने खालच्या वस्तूवरची टिचकी अडवू नये. कळ दाबणे थांबल्यावर एक-दोन सेकंदांत ती जावी, पण माउस तिच्यावर नेला तर थांबावी. दोन पडदे जोडले असतील तर काम चालू असलेल्या पडद्यावर दिसावी. आणि मागे पांढरी कागदपत्रे असोत की काळोखी दृश्ये, ती उठून दिसावी. यूट्यूब संगणकावर वर-खाली बाणांच्या कळांनी पातळी ५ टक्क्यांनी बदलते आणि चित्राच्या वरच्या भागात फक्त आकडा क्षणभर दाखवते. पट्टी नाही, चौकट नाही. आजच्या नमुन्यांत मला हा सर्वांत समंजस वाटतो.

‘म्यूट’ : आहे की करायचे?

स्पीकरच्या चित्रावर तिरकी रेघ असलेले बटण. आवाज बंद आहे, असे ते सांगते की ‘मला दाबा, बंद करतो’ असे? तज्ज्ञांच्याही बैठकीत यावर गोंधळ होतो. चित्र स्थिती दाखवते आणि शेजारचा शब्द कृती सांगतो, असेही अनेक ठिकाणी दिसते. इंग्रजीत ‘म्यूट’ हा शब्द विशेषण म्हणूनही चालतो आणि आज्ञा म्हणूनही. म्हणून घोळ शब्दातूनच सुरू होतो. मराठीत तो घालायचे कारण नाही. ‘म्यूट आहे’ आणि ‘म्यूट करा’ यांत शेवटचे क्रियापदच सगळा उलगडा करते. पण मराठी रूपांतर करताना एकेका इंग्रजी शब्दाला एकेक मराठी शब्द देण्याची घाई असते आणि ते क्रियापदच कापले जाते. शिवाय इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या चौकटीत देवनागरीचे वरचे रफार आणि खालचे उकार छाटले जातात, ते वेगळेच.

‘म्यूट’ आणि ‘शून्य’ हेही एक नव्हे. म्यूट काढल्यावर आधीची पातळी परत यायला हवी. शून्यावर नेलेली पट्टी आपणच पुन्हा वर न्यावी लागते. दोन्हींसाठी एकच चित्र वापरले की लोक म्यूट काढतात आणि तरीही काही ऐकू येत नाही. पट्टी फक्त फिकट करणेही पुरेसे नाही. म्यूट असताना पातळी दिसत राहावी, पण ती लागू नाही हे रेघेने किंवा शब्दाने स्पष्ट कळावे.

पडदा न दिसणाऱ्यांचे काय?

अंध व्यक्ती संगणक वापरते ती ऐकून. एनव्हीडीएसारखे मोफत सॉफ्टवेअर पडद्यावरचे वाचून दाखवते. त्यांच्यासाठी संगणकाचा आवाज बंद होणे म्हणजे डोळस माणसाचा पडदा काळा पडण्यासारखे. बंद पडलेला आवाज पुन्हा चालू करण्याची सूचनाही आवाजातूनच मिळणार असेल, तर मार्गच खुंटतो. म्हणून आवाजाची कळ स्पर्शाने ओळखता येणे आणि म्यूट असताना आवाज वाढवण्याची कळ दाबली की म्यूट सुटणे, या गोष्टी त्यांच्या दृष्टीने चैनीच्या नाहीत. मॅकवर पातळी बदलताच एक छोटा ‘टप्’ असा नमुना-ध्वनी ऐकवण्याची सोय आहे. विंडोजमध्ये सरकपट्टी सोडली की घंटी वाजते. डोळस माणसालाही हा ध्वनी आकड्यापेक्षा जास्त खरे सांगतो.

संकेतस्थळांच्या सुगम्यतेचे डब्ल्यूसीएजी हे जागतिक निकष याबाबत स्पष्ट आहेत. पान उघडताच आपोआप सुरू होणारा ध्वनी ३ सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल, तर तो थांबवण्याची किंवा त्याची पातळी संगणकाच्या पातळीपेक्षा वेगळी ठरवण्याची सोय हवी. नाहीतर त्या गोंगाटात पान वाचून दाखवणारा आवाज बुडतो. २०१८ च्या २.१ आवृत्तीनुसार पट्टी, बटण यांसारख्या भागांचा पार्श्वभूमीशी उठाव किमान ३ : १ हवा. केवळ रंगावर भिस्त ठेवू नये, हा नियम तर आणखी जुना. हिरवी पट्टी म्हणजे ठीक आणि लाल म्हणजे धोका, हे रंगांधळ्याला दिसत नाही. त्याला लांबी, आकडा किंवा खूण लागते. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १७८०२ हे माहिती तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे मानकही आता आहे आणि ते संकेतस्थळांपुरते नाही, सॉफ्टवेअर आणि उपकरणांनाही ते लागू होते. मात्र आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांसाठीची अनेक शिक्षण सॉफ्टवेअर उघडून पाहिली तर पांढऱ्यावर फिकट राखाडी पट्टी दिसतेच.

आणि कानांचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत ऐकणे सुरक्षित समजले जाते. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला तो आठवड्याचे ४ तास एवढाच उरतो. आता पट्टीवरचा आकडा आठवा. ६० टक्के म्हणजे किती डेसिबल? पट्टीला ते ठाऊक नाही, कारण पलीकडे कोणता हेडफोन लावला आहे हेच संगणकाला बहुधा ठाऊक नसते. एका हेडफोनवर जे सौम्य, ते दुसऱ्यावर तासाभरात कान दुखवणारे.

फोनच्या बाबतीत थोडी प्रगती झाली. युरोपातील मानकांमुळे फोन ८५ डेसिबलच्या पुढे नेताना इशारा येतो. हेडफोन लावून आवाज वाढवताना अँड्रॉइडवर येणारी सूचना आपणही पाहिली असेल आणि न वाचता ‘ठीक’ दाबले असेल. आयफोन तर जुळणारे हेडफोन असतील तर कानापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाची पातळी डेसिबलमध्ये दाखवतो आणि आठवडाभराचा हिशेबही ठेवतो. आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून सुरक्षित श्रवणाचे एच.८७० हे मानकही तयार केले आहे. पण त्याचा रोख खिशातल्या उपकरणांवर आहे. हेडफोन लावून रोज आठ-आठ तास बैठका करणारे कर्मचारी किंवा स्पर्धा परीक्षांचे व्हिडीओ लॅपटॉपवर पाहत अभ्यासिकेत बसलेली मुले, यांच्या पडद्यावर अजूनही ० ते १०० हीच पट्टी उमटते आणि दोन सेकंदांत निघून जाते.